दीड लाखाचा सोफा घ्यावा का? आधी त्याची उशी वजनकाट्यावर ठेवा



दोन महिन्यांपूर्वी भोसरीत लांडेवाडीला एका पोराच्या नव्या शेडच्या पूजेला गेलो होतो. आपल्या बॅचचाच विद्यार्थी. पाच वर्षं एका कंपनीत व्हीएमसी चालवली, मग नोकरी सोडून स्वतःचं जॉबवर्क सुरू केलं. एक मशीन कर्जावर, एक लेथ सेकंडहँड, शेड अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर. सगळं ठीक. पण आत शिरलो तर कोपऱ्यात काचेची केबिन, आणि केबिनमध्ये करड्या रंगाचा एल शेप सोफा. किंमत १ लाख ८ हजार.

मी म्हटलं, "अरे, हा कशाला?"

"सर, चाकणहून पार्टी येणार. इम्प्रेशन पडायला नको का?"

पैसे वडिलांच्या व्हीआरएसचे होते. आणि वडील बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, कारण सोफ्यावरची पॉलिथीन अजून काढायची नव्हती.

पूजेच्या दिवशी कुणाला नाट लावू नये, म्हणून मी प्रसाद खाऊन निघून आलो. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. पहिली ऑर्डर मिळाली होती, पण मटेरियल आणि इन्सर्ट घ्यायला हातात पैसा नव्हता. म्हणून आजचा विषय सोफा. महाग सोफा पैसे वसूल करतो का? तुम्ही घरासाठी घेत असाल, ऑफिससाठी घेत असाल किंवा सोफ्याच्या धंद्यात उतरायचा विचार करत असाल, तिघांनाही हा हिशोब कामाचा आहे.

माझं दुकान पडदे, गाद्या आणि सोफा दुरुस्तीचं आहे हे चॅनल बघणाऱ्यांना माहीत आहे. दुरुस्तीच्या धंद्याचा फायदा असा की शोरूमवाला जे दाखवत नाही ते आम्हाला रोज दिसतं. कापड फाडलं की सोफा खोटं बोलत नाही.

मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा तीन वर्षांचा सोफा आला. बिल १ लाख ४० हजारांचं, नामांकित ठिकाणचं. बसलं की मधोमध खड्डा. खालचं काळं कापड काढलं तर आत पाइनच्या फळ्या, आणि एका फळीवर शिक्का: गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि बाजूला एचटी अशी इंग्रजी अक्षरं. चाकण-तळवडे पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हा शिक्का हजारदा बघितला असेल. परदेशातून मशीन किंवा पार्ट येतात, त्यांच्या लाकडी पेट्यांवर आणि पॅलेटवर तो असतो. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवावं लागतं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. एचटी म्हणजे तेच, हीट ट्रीटेड.

गिऱ्हाईक भडकलं. "एवढे पैसे घेऊन भंगारातलं लाकूड घातलं!" मी त्यांना म्हटलं, साहेब, लाकडावर रागावू नका. तापवलेलं, वाळलेलं पाइन हलक्या कामाला वाईट नसतं. ओल्या जंगली लाकडापेक्षा बरंच बरं. चूक दुसरीकडे होती. जिथे दोन इंचाची पट्टी हवी तिथे पाऊण इंचाची होती, कोपऱ्यात ठोकळा नव्हता, स्क्रू नव्हता, सगळं काम पिनांवर. आणि बैठकीखाली झिगझॅग स्प्रिंगऐवजी इलास्टिकचे पट्टे, तेसुद्धा लांब लांब मारलेले. १ लाख ४० हजारांत आत शिरलेला माल माझ्या अंदाजाने २५-२६ हजारांचा असेल.

मग बाकीचे पैसे गेले कुठे? मालकाच्या खिशात, असं सगळे म्हणतात. तसं नसतं. तुम्ही धंदा करणार आहात, तेव्हा हे नीट बघा. समजा एक सोफासेट शोरूममध्ये ७० चौरस फूट जागा अडवतो आणि भाडं चौरस फुटाला ८० रुपये आहे. म्हणजे तो सोफा नुसता उभा राहायला महिन्याला ५,६०० रुपये घेतो. त्या मॉडेलचे महिन्याला दोन नग गेले तर प्रत्येकावर २,८०० चढले. त्यात एसी, लाइट, सेल्समनचा पगार आणि कमिशन, जाहिरात, सेलमध्ये द्यायची सूट (ती आधीच किमतीत चढवलेली असते), १८ टक्के जीएसटी. आणि ईएमआय. आपल्या भागात ईएमआयशिवाय मोठी वस्तू विकली जात नाही. 'नो कॉस्ट' हा शब्द गिऱ्हाइकासाठी आहे, दुकानदारासाठी नाही. ते व्याज बहुतेक वेळा विकणारा किंवा कंपनी आपल्या मार्जिनमधून भरते, आणि मार्जिन शेवटी किमतीतूनच येतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता. त्यानंतर शब्द बदलला, गणित तेच राहिलं.

आता माझ्या वर्कशॉपमधला हिशोब सांगतो. साधा, प्रामाणिक थ्री सीटर. चौकट ४,५००. फोम ४,८००. कापड १२ मीटर, ४५० च्या भावाने ५,४००. स्प्रिंग, पट्टे, पाय, पिना १,६००. कारागिराची मजुरी ४,०००. टेम्पो १,२००. झाले २१,५००. यावर भाडं, वाया गेलेलं कापड, सहा महिन्यांनी "जरा बघून जा" म्हणून होणारी फुकटची फेरी आणि माझं पोट. मी तो ३४,००० अधिक जीएसटी विकतो, म्हणजे ४०,१२०. हे आकडे माझ्या दुकानाचे. तुमच्याकडे भाडं वेगळं, कारागीर वेगळा, पण आकड्यांची मांडणी हीच.

गिऱ्हाईक मला विचारतं, समोरच्या दुकानात १५ हजारांत मिळतोय की! मिळतोय. आणि इथे मी तुम्हाला धंद्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सांगणार आहे.

आपल्याकडे सगळे ट्रेनर एक वाक्य फेकतात: सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार. मीही फेकायचो. मग एकदा कागदावर मांडलं. १५ हजारांचा सोफा नेहमीच्या घरात तीन वर्षं जातो. वर्षाला ५,००० पडले. माझा ४०,१२० चा सोफा, पाच-सहा वर्षांनी उशा आणि कापड बदलायला १४,०००, एकूण ५४,१२०, आणि दहा वर्षं धरली तर वर्षाला ५,४१२. म्हणजे माझाच थोडा महाग निघाला! १ लाख ४० हजारांचा सोफा चांगला असला, वीस वर्षं टिकला आणि मध्ये एकदा ३० हजारांची डागडुजी केली, तरी वर्षाला ८,५००. तेही चांगला असला तर.

तेव्हा "महाग घ्या, शेवटी स्वस्त पडतं" हे सोफ्याच्या बाबतीत मला पटत नाही. मधल्या किमतीचा सोफा तुम्हाला पैसे वाचवून देत नाही, त्याच पैशात बरं बसायला देतो. पाठ दुखत नाही, तीन वर्षांनी जुना सोफा जिन्यावरून उतरवून कुठे टाकायचा हा प्रश्न येत नाही, पाहुण्यांसमोर रेक्झिनची सालपटं पँटला चिकटत नाहीत. याची किंमत आहे आणि ती द्यायला हरकत नाही. पण बचत म्हणून देऊ नका. आणि लाखाच्या वर जे देता ते बहुतेक वेळा डिझाइन, नाव आणि शोरूमचा गारवा. ऐपत असेल तर मजेत घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणू नका. सोफा दारातून आत आला की त्याची निम्मी किंमत उंबऱ्याबाहेर राहते.

महाग म्हणजे मजबूत की नुसतं महाग, हे ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी गोष्ट कोणी करत नाही: उशी काढून वजन करा. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये. सेल्समन ४० डेन्सिटी म्हणतोय ना? मग २४ बाय २४ इंच आणि ५ इंच जाडीचा आतला फोम साधारण १ किलो ९०० ग्रॅम भरायला हवा. ३२ चा दीड किलो. आणि ८५० ग्रॅमच्या आसपास भरला तर तो १८ डेन्सिटीचा आहे, जो पॅकिंगला किंवा फार तर पाठीला ठीक, बसायला नाही. कव्हर काढून फक्त फोम मोजा. भाजीवाल्याचा काटासुद्धा चालतो. यातही पळवाट आहे. काही फोममध्ये खडूसारखी पावडर मिसळून वजन वाढवलेलं असतं आणि तो लवकर बसतो, म्हणून चांगल्या कंपनीचा छाप आणि बिलावर डेन्सिटी लिहून घ्या. आणि एक गैरसमज काढून टाका: डेन्सिटी जास्त म्हणजे कडक असं नाही. कडकपणा वेगळा मोजतात. डेन्सिटी टिकाऊपणा सांगते.

दुसरं, पुढचा एक पाय वीतभर उचला. शेजारचा पाय लगेच वर आला तर चौकट ताठ आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि मध्ये चर्र आवाज झाला तर पुढच्या दुकानात जा. तिसरं, कापड. शोरूममध्ये मार्टिनडेल नावाचा आकडा विचारा. कापड किती वेळा घासलं की झिजतं त्याची ती चाचणी. घरात २०-२५ हजार पुरतात, दुकानात किंवा क्लिनिकमध्ये ४० हजारांच्या वर हवा. सेल्समनला माहीत नसेल तर त्यातूनही बरंच कळतं. लेदरेटबद्दल एकच सांगतो: पीयूचा थर दमट हवेत ओलावा खाऊन सुटत जातो. आपल्याकडे चार महिने पावसाचे आहेत.

वॉरंटीचा कागद पण वाचा. "दहा वर्षं" मोठ्या अक्षरात असतं आणि ते बहुतेक वेळा चौकटीसाठी असतं. कापड, रंग उडणं, फोम थोडा बसणं हे सगळं बारीक अक्षरात बाहेर काढलेलं. आयकियाने २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला स्टोअर काढलं, तेव्हा आमच्या लाइनमध्ये बरीच घबराट होती. माझ्या मते त्यांच्याकडून शिकायची गोष्ट किंमत नाही, कव्हर आहे. त्यांच्या अनेक सोफ्यांची कव्हरं निघतात, धुता येतात, नवी मिळतात. आपला कारागीर अजून कापड ठोकून बसवतो आणि डाग पडला की सोफाच म्हातारा होतो. चेन लावायला थोडी मजुरी जास्त जाते, पण गिऱ्हाईक पाच वर्षांनी परत तुमच्याकडेच येतं. मी दोन वर्षांपासून सगळ्या उशांना चेन लावतोय.

भाड्याने राहणाऱ्यांनी तर मोठा सोफा घेऊच नये असं मी सरळ म्हणतो. वाकड, हिंजवडी, मोशी, म्हाळुंगे, कुठेही बघा, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. तीन वर्षांत दोनदा घर बदलतं. एल शेप लिफ्टमध्ये जात नाही, नव्या घरात कोपरा उलट्या हाताला असतो. मी स्वतः एक एल शेप दोन तुकडे करून, पुन्हा जोडून दिलाय. त्या गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिले तेवढ्यात साधा नवा आला असता. फर्लेंको, रेंटोमोजोसारख्या कंपन्या भाड्याने देतात, तेही एक गणित आहे. वर्षभरासाठी ठीक, चार वर्षं भाडं भरत बसलात तर विकत घेतलेला बरा. नाहीतर दोन सिंगल खुर्च्या आणि दिवाण. दिवाणाला आपण उगाच जुनाट म्हणून घालवलं. झोपायला होतो, खाली सामान मावतं, दोन माणसं उचलतात.

आता ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांच्याकडे येतो. धंदा सुरू करताना सोफा.

त्या पोराचं म्हणणं होतं, चाकणची पार्टी. ठीक. चाकणच्या कंपनीचा किंवा तिच्या टियर वन सप्लायरचा माणूस तुमच्या शेडमध्ये येतो तेव्हा काय बघतो? कच्चा माल आल्यावर तपासता कसा, रिजेक्शन लाल पेटीत वेगळं ठेवता का, ड्रॉइंगची ताजी रिव्हिजन मशीनजवळ आहे का, मायक्रोमीटर आणि हाइट गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कधीचं आहे, फरशीवर तेल आहे का. त्याच्या चेकलिस्टमध्ये सोफ्याचा रकाना नाही. बसायला स्वच्छ खुर्ची, प्यायला पाणी आणि धड टॉयलेट दिलंत तरी तो खूश असतो. १ लाख ८ हजारांत सरफेस प्लेट, हाइट गेज आणि मायक्रोमीटरचा बऱ्यापैकी सेट झाला असता. ते खरं इम्प्रेशन.

आणि पैसा फिरतो कसा ते बघा. १५ हजारांऐवजी ४० हजारांचा सोफा घेतलात तर २५ हजार अडकले. तेच २५ हजार मालात घातले, माल वर्षात चार वेळा फिरला आणि प्रत्येक फेरीला १५ टक्के सुटले, तर वर्षाला १५ हजार. खर्च वजा जाता कमी धरा, दहा धरा. शिवाय एमएसएमई कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, पण नव्या सप्लायरने ६०-९० दिवस उधारी धरूनच चालावं. तेवढे दिवस पगार, लाइट बिल, हप्ता तुमच्या खिशातून. त्या काळात सोफा कुणाला पगार देत नाही.

पुणे, सोलापूर, नगरच्या जुन्या पेढ्या आठवा. पांढरीशुभ्र खोळ घातलेली गादी, दोन लोड, एक तक्क्या. त्या गादीवर लाखांची उलाढाल झाली. खोळ रोज स्वच्छ असायची, एवढंच इम्प्रेशन पुरत होतं.

हां, काही धंद्यांत सोफा हे हत्यार आहे. सलून, डेंटल क्लिनिक, लग्नाच्या साड्यांचं दुकान, जिथे गिऱ्हाईक किंवा त्याच्याबरोबर आलेला माणूस अर्धा-पाऊण तास बसतो. साडीच्या दुकानात कंटाळलेला नवरा नीट बसला तर खरेदी लांबते, हे मी नात्यातल्या एका दुकानात डोळ्यांनी बघितलंय. तिथे खर्च करा, पण रूपावर नाही, फोमवर आणि कापडावर. एल शेपपेक्षा सुट्या दोन-दोन सीट घ्या. अनोळखी माणसं एकमेकांना खेटून बसत नाहीत, तीन सीटवर दोघंच बसतात.

घेतलाच तर बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून. रेग्युलर नोंदणी असेल तर त्यावरचा कर क्रेडिटमध्ये मिळतो. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. त्या पोराचं बिल त्याच्या स्वतःच्या नावावर होतं. १ लाख ८ हजारांत जवळपास साडेसोळा हजार नुसता कर, तो गेला.

सोफ्याच्या धंद्यात यायचं असणाऱ्यांना माझा कल सरळ सांगतो: शोरूम काढू नका, दुरुस्तीपासून सुरू करा. आपल्या बाजूला मोठ्या सोसायट्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्यात. त्यांतले सोफे आता बसलेत, पण चौकटी चांगल्या आहेत. ८ ते १४ हजारांचं काम, माल गिऱ्हाइकाच्या पसंतीने मागवायचा, ॲडव्हान्स निम्मा, स्टॉक शून्य. एक कारागीर, पिना मारायची गन, कॉम्प्रेसर, शिलाई मशीन आणि कापडांची पुस्तकं. जागा मात्र कागदपत्रं बघून घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीत अनधिकृत शेडवर कारवाई केली, तेव्हा भंगाराच्या आणि लाकडाच्या गोदामांबरोबर छोटी वर्कशॉपसुद्धा गेली. माझा लाकूडवाला तिथलाच. आठवडाभर त्याचा फोन लागत नव्हता आणि माझ्या चार ऑर्डरी लटकल्या. स्वस्त भाड्याचं कारण कधीकधी सातबाऱ्यात असतं.

आमच्या घरी अजून वडिलांनी १९९४ ला सुताराकडून घरीच बनवून घेतलेला सागवानी सेट आहे. उशा तीनदा बदलल्या, चौकट तीच. पण तो बघून मला कोणी सांगू नये की महागच घ्यावं. तो त्या वेळी शोरूमपेक्षा स्वस्त पडला होता. सुतार पंधरा दिवस गॅलरीत काम करत होता आणि आई त्याला दोन वेळचा चहा देत होती.

त्या पोराचं काय झालं ते सांगतो. ऑर्डर त्याने सोडली नाही. मटेरियल गिऱ्हाइकाकडूनच घेऊन फक्त मशीनिंगचे पैसे लावायचं ठरवलं, मार्जिन कमी झालं पण काम सुरू झालं. सोफा विकायला काढलाय. दोन महिने वापरलेला नाही म्हटलं तरी चालेल, पॉलिथीन परवा मीच काढली. उशी काट्यावर ठेवली, फोम ४० चा निघाला, चौकट पण बरी आहे. आतापर्यंत सगळ्यात जास्त मागणी ४६ हजारांची आली आणि तो ५५ वर अडून बसलाय. कुणी सलून किंवा क्लिनिक काढत असेल तर दुकानावर या, मी त्याला पन्नासपर्यंत आणतो. टेम्पो तुमचा.